डिस्पेप्सिया

सोहार. दवाखान्यात रात्रपाळीला मी एकटाच.
बाहेर स्मेल्टरचा पिवळट उजेड,
एसीचं पाणी ठिबकतंय
खाली ठेवलेल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात.

बशीर हमदुले आला. गाव दाभोळ,
कॅम्प नंबर चारचा आचारी.
चारशे साठ माणसं जेवतात त्याच्या हातचं
आणि हा स्वतः तीन आठवडे पेजेवर.
चिठ्ठी पुढे केली. डॉक्टर इस्मतचं अक्षर,
मुंग्यांची रांग कुणी फुंकरीने मोडावी तसं.

‘भाऊ, नाव फार मोठं आहे.
फोनवर सांगितलं तर बायको घाबरेल,
दर्ग्याला चादर बोलून मोकळी होईल.
आपल्यात काय म्हणतात ह्याला?’

अपचन, मी म्हटलं.
त्याने मान हलवली.
एवढंच असतं तर इतकी अक्षरं कशाला लागली असती?

मग खणातला कोश काढला, आधीच्या नर्सने सोडून गेलेला,
पुठ्ठा नसलेला.
हे बघा, शब्द मुळात ग्रीक. दोन तुकड्यांचा.
पहिला डिस्, म्हणजे वाईट, अवघड, बिघडलेलं.
आपल्या दुष्काळातला दुस् आहे ना,
त्याचाच हा लांबचा चुलतभाऊ.
दुसरा पेप्सिस. म्हणजे शिजणं.
त्या लोकांना वाटायचं, पोट ही चूलच,
खाल्लेलं आत पुन्हा एकदा शिजतं.
आपण तरी काय वेगळं म्हणतो?
पच् म्हणजे शिजव.
पाक त्यातलाच, पक्वान्न त्यातलंच,
झाडावर पिकलेला आंबाही त्यातलाच,
आणि पचन.

‘म्हणजे थोडक्यात?’
थोडक्यात, वाईट शिजलेलं.

तो उभाच राहिला खुर्चीतून.
‘वाईट? चौदा वर्षं झाली इथे.
भाताचा एक दाणा कच्चा उतरला नाही.
पठाण आहेत, नेपाळी आहेत, तेलुगू आहेत,
एकाचं ताट परत आलं असेल तर नाव बदला माझं!
डॉक्टर जेवलाय कधी आमच्या मेसला?’

हातचं नव्हे हो, म्हटलं. आतलं.

आतलं म्हटल्यावर बसला.

डॉक्टरांच्या अरबीत ह्याला उस्र-अल्-हद्म म्हणतात,
मी उगाच पुढे बोलत राहिलो.
हद्म म्हणजे आपलं हजमच, फक्त समुद्र न ओलांडलेलं.
उस्र म्हणजे तंगी.
‘उस्र ओळखतो मी,’ तो म्हणाला,
‘मदरशात भेटला होता.’

बराच वेळ डब्यात पाणी पडत राहिलं.

मग भावाचं निघालं.
दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे जायचे,
तिकडून फोटो यायचे:
चौथरा, भिंती, स्लॅबवर उभं राहून हसणारी पोरं.
गेल्या महिन्यात घरपट्टीची पावती आली,
तिच्यावर नाव भावाचं. नुसतं भावाचं.
‘चौदा वर्षं पचवली त्याने,
साधा ढेकर दिला नाही.
आणि जळतं मला.’
इथे, म्हणून त्याने बरगड्यांच्या मधोमध बोट ठेवलं,
तवा तापला का बघतात तसं, अलगद.

आमच्याकडे आणखी एक शब्द आहे, तो मी सांगितला नाही.
अजीर्ण.
जे जीर्ण होत नाही, जुनं होत नाही,
कितीही वर्षं पोटात ठेवलं तरी कालचंच राहतं.
कोश मिटला. गुलाबी औषधाची बाटली दिली,
जेवणानंतर दोन चमचे.
जेवलात तर, असंही म्हणालो.

तीन वाजले होते. पीठ मळायची वेळ.
जाता जाता तो व्हरांड्यात थांबला फोन लावून,
तिकडे साडेचार, ती उठलेलीच असणार.
‘नाही गं, मोठं काही नाही,’ ऐकू आलं,
‘थोडं कच्चं राहिलंय.’

तिने काय विचारलं कुणास ठाऊक.
‘नाही,’ तो म्हणाला, ‘तुझ्या हातचं नाही.
माझ्याही नाही.’